केमिस्ट्रीचा गृहपाठ अडतो, पण नेमका कुठे?

बारावी सायन्सच्या एका मुलीचे आईवडील काळजीत होते. ‘आयॉनिक इक्विलिब्रिया’चा (द्रावणातल्या आयनांच्या समतोलाच्या चॅप्टरचा) गृहपाठ असला की ती रात्री उशिरापर्यंत बसते आणि शेवटी मोबाइलवर सोडवलेलं उत्तर उतरवून काढते. आईनं विचारलं, “आम्हा दोघांनाही केमिस्ट्री येत नाही, मग मदत कशी करायची? अजून एक क्लास लावू का?” ही काळजी बऱ्याच घरांत असते.

क्लासचं ठरवण्याआधी तिची वही पाहिली. सिल्व्हर क्लोराइडचं उदाहरण अचूक होतं. त्यात एक सिल्व्हर आयन आणि एक क्लोराइड आयन सुटतो, म्हणून केएसपी (संपृक्त द्रावणात सुटलेल्या आयनांच्या संहतींचा, म्हणजे लिटरमागे किती मोल आहेत त्यांचा, गुणाकार) म्हणजे एसचा वर्ग, आणि वर्गमूळ काढलं की एस, म्हणजे विद्राव्यता, मिळते. पुढचं उदाहरण होतं सिल्व्हर क्रोमेटचं, केएसपी १.१ × १० चा उणे १२ वा घात. तिथेही तिनं वर्गमूळच काढलं होतं. पण क्रोमेटमधून दोन सिल्व्हर आयन सुटतात. सिल्व्हरची संहती २एस, तिचा वर्ग ४ एस वर्ग, त्याला क्रोमेटच्या एसनं गुणलं की ४ एस घन. चारनं भागून घनमूळ घ्यायचं : ६.५ × १० चा उणे ५ वा घात, मोल प्रति लिटर. म्हणजे केएसपी लहान असूनही क्रोमेट क्लोराइडच्या जवळपास पाचपट विरघळतं. नुसते केएसपी बघून तुलना करायची तर दोन्ही क्षारांतून आयन त्याच प्रमाणात सुटायला हवेत.

एवढ्यावरून मुलीला ‘गणितात कच्ची’ म्हणणं अन्यायाचं आहे. तिची एकच ओळ चुकत होती.

“मला चॅप्टरच समजत नाही” असं म्हटलं की सर सगळा चॅप्टर पुन्हा शिकवतात आणि अडलेली ओळ तशीच राहते. म्हणून तिला प्रश्न लिहून न्यायला सांगितलं. तिनं लिहिलं : “२एस घेतलं, मग पुन्हा वर्ग कशाला? दोनदा मोजलं जात नाही का?” फार चांगला प्रश्न. २एस ही संहती आहे. वर्ग येतो तो समतोलाच्या सूत्रातून, कारण तिथे दोन आयनांसाठी संहती दोनदा गुणली जाते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी नियम साधा ठेवला. वीस-पंचवीस मिनिटं प्रयत्न, मग प्रश्न लिहायचा आणि उठायचं. मोबाइलवरचं उत्तर अडलेल्या ओळीपर्यंतच बघायचं. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचा क्षार, उदाहरणार्थ लेड आयोडाइड, न बघता सोडवायचा.

आईनं फक्त विचारायचं : कोणते आयन सुटतात आणि किती? उत्तर ग्रॅममध्ये हवंय की मोलमध्ये? पाण्यात त्यातला एखादा आयन आधीच आहे का? शेवटच्या प्रश्नावर मुलं हमखास अडतात. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) मिठाच्या द्रावणात क्लोराइड आधीच असतो, त्यामुळे केएसपीच्या हिशोबानं तिथे सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्यापेक्षा हजारो पट कमी विरघळतं, म्हणून ०.१ अधिक एस लिहून वर्गसमीकरणात शिरायची गरजच नसते, ०.१ धरून चालतं.

एवढं करूनही अडलं तर घातांक तपासा. क्रोमेटच्या गणितात चारनं भागल्यावर २.७५ × १० चा उणे १३ वा घात येतो, आणि १३ ला तीननं भाग जात नाही. तो २७५ × १० चा उणे १५ वा घात असा लिहिता आला पाहिजे. तिथे मूल थांबत असेल, तर केमिस्ट्रीचा क्लास लावून काही होणार नाही. आधी शाळेतल्या घातांकांची उजळणी करून घ्या.