बचत गटाच्या कर्जाने घरातली मारहाण कमी होते का?

नुसत्या कर्जाने नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात 2001 पासून ‘इमेज’ हा प्रयोग झाला. पाच-पाच बायकांचे गट, एकमेकींच्या कर्जाला एकमेकी जामीन, पंधरवड्याला बैठक. इथवर आपल्या बचत गटासारखंच. फरक असा, की त्याच बैठकीत तासाभराची दहा सत्रं घेतली: नवऱ्याशी बोलणं, मारहाण, एचआयव्ही. दोन वर्षांत जोडीदाराकडून होणारी हिंसा 55 टक्क्यांनी घटली. फक्त कर्ज मिळालेल्या गावांत पैशाची बाजू सुधारली, हिंसेत तशी घट नाही.

बिघडतं कुठे? कर्ज तिच्या नावावर, पैसा त्याच्या हातात, आणि हप्ता चुकला की बोलणी (कधी मारही) तिलाच. म्हणून निधी देणाऱ्याने आधीच अटी घालाव्यात: खातं तिचं एकटीचं, बँकेचे मेसेज तिच्याच मोबाइलवर, वसुलीला घरी माणूस पाठवायचा नाही. सत्रं कर्जाच्या बैठकीतच घ्या; वेगळा दिवस ठेवला की हजेरी गळते. आणि गटप्रमुखाकडे तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा (घरातल्या हिंसेच्या तक्रारी घेणारा सरकारी अधिकारी) नंबर हवाच, कारण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही हिंसाच धरला आहे.