ओल कुठून येते, हे आधी शोध

प्रिय,

तुझं पत्र वाचलं, फोटोही नीट पाहिले. झोपायच्या खोलीत छताचे पोपडे पडतायत, बाथरूमला लागून असलेली भिंत सतत ओली आहे आणि त्याच भिंतीवरच्या स्विचबोर्डला हात लावला की झिणझिण्या येतात. घरमालकांना तीनदा फोन केलास, तिन्ही वेळा "बघतो" एवढंच उत्तर आलं. भाडं थांबवू का, असं विचारलं आहेस. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे. पण पत्र पुढे वाचायच्या आधी दोन गोष्टी उरकून घे.

पहिली, त्या स्विचबोर्डचा एमसीबी (मेन बोर्डमधला, त्या लाइनची वीज तोडणारा स्विच) बंद कर आणि त्यावर "चालू करू नये" अशी चिठ्ठी चिकटव. ओल्या भिंतीत वीज झिरपते आहे आणि जमिनीकडे जायला तुझ्या अंगातून वाट काढते आहे, झिणझिण्यांचा अर्थ हाच. मेन बोर्डमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आहे का, ते पाहा. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून त्याची कळ आपोआप खाली पडते का, बघ. पडली तर उपकरण चालू आहे एवढंच कळतं. अर्थिंग ठीक आहे की नाही, हे त्या बटणावरून कळत नाही, ते इलेक्ट्रिशियननं मोजायला हवं. दुसरी, पलंग त्या छताखालून हलव. लोंबणारा तुकडा काठीने पाडायला जाऊ नकोस, शेजारचा भाग किती सुटलाय हे खालून दिसत नाही.

आता खरं काम. बहुतेक भाडेकरू "भिंत ओली आहे" अशी तक्रार करतात आणि मालक रंगारी पाठवतो. दोन महिन्यांत डाग परत येतो. तक्रार डागाची केली तर दुरुस्तीही डागाचीच होते. म्हणून ओल कुठून येते हे जमेल तेवढं तूच शोध आणि पत्रात कारणासकट लिही.

आधी कोरड्या दिवशी भिंतीवर साधारण फूटभर चौरस अॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट लाव. एक-दोन दिवसांनी काढ. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीच्या आतून येते. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आहे, आणि मग प्रश्न खेळत्या हवेचा आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण "तुम्ही खिडक्या उघडत नाही" हे मालकांचं ठरलेलं उत्तर असतं. वाफेचं कारण खरंच निघालं तर ते मान्य करावं. पण खिडकी नीट उघडत नसेल किंवा एक्झॉस्टला जागाच नसेल, तर तीही दुरुस्तीचीच बाब आहे.

ओल आतून येत असेल तर पाणी पुरवठ्याच्या पाइपचं आहे की सांडपाण्याचं, ते बघ. घरातले सगळे नळ बंद कर, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेव, दोन तास कोणी पाणी वापरू नका, आकडा पुन्हा बघ. पुढे सरकला असेल तर दाबाखालची, म्हणजे पुरवठ्याची लाइन गळते आहे. तसाच राहिला तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर, बाथरूमच्या फरशीवर किंवा वरच्या मजल्यावर. फरशीसाठी निचऱ्याची जाळी बंद करून दोन-तीन सेंटिमीटर रंगीत पाणी २४ तास साठवून ठेवतात. पाण्याची पातळी उतरली किंवा भिंतीवर रंग उमटला तर वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. ही चाचणी मात्र त्या बोर्डची वीज बंद असतानाच आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सांगून कर. वरच्यांनी अंघोळ केल्यावर तासाभरात डाग गडद होतो का, याची आठवडाभर वेळेसह नोंद ठेवलीस तर तोही चांगला पुरावा होतो.

छताच्या फोटोत एका रेषेत सरळ भेगा आणि त्यातून तांबूस डाग दिसतायत. हा नुसता गिलावा सुटण्याचा प्रकार वाटत नाही. ओल काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते आणि तो काँक्रीटला आतून फोडतो. भेगा सळईच्या रेषेतच पडतात त्या यामुळे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग वेगळी असते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण कर, शेजारी तारीख आणि रुंदी लिही, दर आठवड्याला बघ. लांबत किंवा रुंदावत असेल, ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा दारं अडकायला लागली असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तिथे कुणी मिस्त्री हात लावू नये.

एवढं हातात आलं की पत्र लिही. फोन केलेला चालतो, पण प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी लेखी निरोप जायला हवा: "आज सकाळी आपलं बोलणं झालं, आपण शनिवारपर्यंत प्लंबर पाठवणार असं म्हणालात." मुख्य पत्र ईमेलने आणि पोच मिळेल अशा टपालानेही पाठव. रागाचं एक वाक्यही त्यात नको. उद्या हे पत्र तिसरा माणूस वाचणार आहे असं समजून लिही. साधारण असं:

"घराच्या पुढील दुरुस्त्या तातडीने आवश्यक आहेत. १) बाथरूमलगतच्या भिंतीवरील स्विचबोर्डमधून विजेचा झटका बसतो. तो बंद ठेवला आहे. ४८ तासांत इलेक्ट्रिशियनकडून तपासणी व दुरुस्ती करून घ्यावी. २) झोपण्याच्या खोलीतील छताचे तुकडे पडत असून सळईच्या रेषेत भेगा व गंजाचे डाग आहेत. ७ दिवसांत इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यावी. ३) सदर भिंत आतून ओली आहे. केलेल्या चाचणीची माहिती व फोटो सोबत आहेत. गळतीचे मूळ शोधून १५ दिवसांत काम सुरू करावे. केवळ रंगकाम केल्यास दुरुस्ती झाली असे धरले जाणार नाही. कामासाठी मी पुढील दिवशी व वेळी घरी उपलब्ध आहे: ..."

यातल्या मुदती माझ्या अंदाजाने घातल्या आहेत. तुझ्या करारात किंवा तिथल्या कायद्यात वेगळी मुदत दिली असेल तर तीच घाल. शेवटची ओळ मात्र गाळू नकोस. प्रकरण पुढे गेलं की "आम्ही माणूस पाठवला, पण घर बंद होतं" हा बचाव हमखास येतो.

फोटो काढताना प्रत्येक जागेचे दोन काढ: एक लांबून, खोली ओळखू येईल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. दर आठवड्याला त्याच जागी उभं राहून काढ. मूळ फाइली जपून ठेव, कारण मेसेजिंग अॅपवरून गेलेल्या फोटोंमधली तारीख-वेळेची माहिती सहसा निघून जाते. एका वहीत तारीख, काय दिसलं, कुणाशी बोलणं झालं आणि काय ठरलं, एवढं लिहीत जा. भिजलेल्या वस्तू फेकण्याआधी त्यांचेही फोटो घे.

आता भाड्याबद्दल. थांबवू नकोस. संताप येणं रास्त आहे, तरीही थांबवू नकोस. भाडं थकलं की विषय दुरुस्तीचा राहत नाही, थकबाकीचा होतो, आणि घर खाली करून घ्यायला मालकांना सबळ कारण मिळतं. भाडं वेळेवर, बँकेतून भर. स्वतः खर्च करून भाड्यातून वळता करायची मुभा काही ठिकाणचे कायदे देतात, पण त्यांच्या अटी कडक असतात: आधी लेखी नोटीस, ठरावीक मुदत, खर्चाची मर्यादा. त्या अटी वाचल्याशिवाय किंवा मालकांची रकमेसह लेखी संमती घेतल्याशिवाय असा खर्च करू नकोस. एक खोली वापरता येत नाही म्हणून तेवढ्या काळापुरतं भाडं कमी करावं, ही मागणी मात्र जरूर कर, आणि मान्य झाली तर लिहून घे.

मुदत टळली तर एकदाच स्मरणपत्र पाठव, पहिल्या पत्राची प्रत जोडून. त्यानंतर स्थानिक प्रशासनाच्या बांधकाम किंवा आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार कर आणि पाहणीची मागणी कर. सरकारी पाहणीचा एक कागद तुझ्या दहा पत्रांपेक्षा वजनदार ठरतो. त्याच इमारतीत इतरांकडेही ओल असेल तर सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र द्या, म्हणजे कुणा एकावर डूख धरणं अवघड जातं. हे करण्याआधी भाडेकरूंना सल्ला देणारी संस्था किंवा मोफत कायदा सल्ला केंद्र गाठ, आणि करार सोबत ने.

मालक कामाला तयार झालेच, तर काम कसं होतं यावर लक्ष ठेव. छताचं सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेही बोटभर मोकळं करावं लागतं. गंज घासून काढायचा, सळईला गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थरांनी भरायचा आणि त्यावर पाणी मारायचं. सळई फारच झिजली असेल तर जोडीला नवी टाकायची, हा निर्णय इंजिनिअरचा. वरची गळती बंद न करता हे केलं तर पैसा वाया जातो. भिंतीवर लगेच रंग लावू देऊ नकोस. ढोबळ हिशेबाने दर २५ मिलिमीटर जाडीला वाळायला महिनाभर लागतो. तोवर रंग लावला की ओल आत कोंडते आणि पोपडे येतात. "काम समाधानकारक झाले" अशा कागदावर मीटरची चाचणी पुन्हा केल्याशिवाय सही करू नकोस.

छतातून करकर आवाज आला, भेग एका रात्रीत वाढली किंवा मोठा तुकडा पडला, तर सामानाचा विचार न करता बाहेर पड आणि आपत्कालीन सेवेला कळव. पत्रव्यवहार नंतर करता येतो.

करारातलं दुरुस्तीचं कलम मला जसंच्या तसं उतरवून पाठव. मीटरचे दोन्ही आकडे आणि फॉइलच्या कुठल्या बाजूला पाणी आलं, तेही कळव. त्यावरून तिसऱ्या मुद्द्याची भाषा नक्की करू. पहिल्या मुद्द्याचं पत्र मात्र त्यासाठी थांबवू नकोस, ते आज रात्रीच जाऊ दे.

तुझ्या काळजीत,
एक हितचिंतक