नाव पटावर, मूल फडावर

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. यंदा ते त्यालाही सोबत नेणार म्हणतात, कारण धाकटी नात दीड वर्षाची आहे आणि फडात तिला सांभाळायला कोणी नाही. गुरुजी म्हणतात, नाव कमी करणार नाही, काळजी करू नका. नाव राहिले म्हणजे शाळा राहिली असे समजायचे का? मी गावातच असते, पण आता माझ्याने दोन वेळचा स्वयंपाक होत नाही. (पत्र शेजारच्या मुलीकडून लिहून घेतले आहे.)
— एक आजी, जि. बीड

उत्तर : आजी, तसे समजू नका. गुरुजींचा हेतू वाईट नसेल. पण पटावर नाव असणे आणि मूल वर्गात असणे यांत अंतर आहे, आणि शाळागळती थांबवण्याचे बरेचसे सरकारी प्रयत्न नेमके या अंतरात अडकतात. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. तुमच्या गावातून मजुरांचे ट्रॅक्टर निघतात ते त्यानंतर. म्हणजे पट मोजला जातो तेव्हा मूल वर्गात असते, आणि मूल जाते तेव्हा मोजणी संपलेली असते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचे एका दिवसाचे सर्वेक्षण झाले, नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला शाईही लावली गेली. परंतु जुलैमध्ये ऊसतोड कामगारांची मुले आपापल्या गावात असतात, त्यामुळे ज्यांची शाळा दसऱ्यानंतर सुटते ती मुले अशा मोजणीत सापडणार कशी? नियम मात्र स्पष्ट आहे : सलग महिन्याहून अधिक काळ गैरहजर असलेले मूल, नाव पटावर असले तरी, शाळाबाह्यच मानायचे असते.

तुमच्या नातवासाठी सर्वांत उपयोगी योजना हंगामी वसतिगृहाची आहे. नावावरून मोठी इमारत डोळ्यांसमोर येते, पण बहुतेक गावांत तसे काही नसते. मूल रात्री आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपते आणि आईवडील गावाबाहेर असेपर्यंत त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय गावातच, शाळेमार्फत केली जाते. दुपारी शालेय पोषण आहार असतोच. तुमची अडचण स्वयंपाकाची आहे, आणि ही योजना तेवढीच अडचण दूर करण्यासाठी आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांची यादी करून मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. ही यादी दसऱ्याच्या आधी व्हायला हवी. पुष्कळ गावांत ती गाड्या निघून गेल्यावर होते, मग मंजुरी यायला डिसेंबर उजाडतो आणि तोपर्यंत मुले फडावर पोहोचलेली असतात. मंजूर झालेला निधीही उशिरा येतो, आणि किराणा दुकानदाराच्या उधारीवर दोन-दोन महिने मुलांना जेवू घालणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत. समितीत पालक सदस्यच बहुसंख्य असावेत असा कायदा आहे. त्यांतल्या एखाद्याला गाठून, यादीचे काय झाले, एवढे आजच विचारा.

नातू पाचवीत जाईल तेव्हा दुसरीही सोय तपासून पाहा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत प्रत्येकी एक मुलांचे आणि एक मुलींचे अशी ८२ वसतिगृहे ठरली. तुमच्या तालुक्यातील वसतिगृह सुरू आहे का आणि कोणत्या इयत्तेपासून प्रवेश मिळतो, हे समाजकल्याण कार्यालयात कळेल.

एवढे करूनही त्याला न्यायचेच ठरले, तर निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्यायला मुलाला सांगा. त्यावर नातवाची इयत्ता आणि प्रगती यांची नोंद असते, आणि फडाजवळच्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे असते. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ याच्या कलम ५ मध्ये तसे लिहिलेलेच आहे. फड कर्नाटकात असेल तर मात्र या पत्रकाचा उपयोग बेताचाच, कारण तिकडच्या बहुतेक शाळा कन्नड माध्यमाच्या असतात.

मी शिक्षण विस्तार अधिकारी असताना सांगली जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या एका तळावर गेलो होतो. सकाळचे दहा वाजले होते. मोठी माणसे पहाटेच फडात गेलेली, आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कोपीच्या (पाचटाच्या झोपडीच्या) दारात वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत बसली होती; झोळीची दोरी तिने पायाच्या अंगठ्याला बांधली होती आणि पाय हलवला की झोळीतले बाळ हलत होते. हमी पत्रक आहे का, असे विचारल्यावर तिने कोपीच्या पाचटात खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत रेशनकार्ड होते आणि घडी न मोडलेले पत्रक होते. शाळा तिथून दीड किलोमीटरवर होती, पण बाळाला कोणाच्या हवाली करून ती जाणार होती?

आजी, तुमच्या पत्रातील खरा प्रश्न धाकट्या नातीचा आहे. वसतिगृह झाले, पत्रक झाले, तरी तान्ह्या मुलांचा सांभाळ होत नाही तोवर मोठे भावंड शाळेतून उठतच राहणार. पूर्वी काही साखर कारखान्यांवर या मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालत. मुलांना नियमित शाळेतच घालायचे असे धोरण आल्यावर त्यांतल्या बहुतेक बंद झाल्या. धोरण तत्त्वतः योग्यच होते, पण तळाजवळचा आसरा त्यामुळे गेला आणि पाळणाघरे मात्र उभी राहिली नाहीत. तळाजवळच्या अंगणवाडीत धाकटीला ठेवता येते का, हे सुनेने तिथे पोहोचताच विचारावे. ते जमले नाही आणि तुम्हाला झेपत असेल, तर दोन्ही नातवंडे तुमच्याजवळ राहणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो; त्यासाठीही मोठ्याचे जेवण शाळेकडून सुरू होणे गरजेचे आहे.

प्रश्न : आमच्या गावातील शाळा सातवीपर्यंत आहे आणि हायस्कूल सहा किलोमीटरवर. मुलगी सातवी झाली आहे. सरकार मुलींसाठी इतक्या योजना काढते, तरी मुलीचे वडील "आता पुरे" म्हणतात. काय करावे?
— एक आई, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आठवीपर्यंतचे शिक्षण ही कायद्याने शासनाची जबाबदारी आहे. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असा राज्याचा नियम आहे, आणि ती नसेल तर प्रवासाची सोय किंवा वाहतूक भत्ता मागता येतो. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेच्या प्रवासासाठी एसटीचा मोफत पास मिळतो. याशिवाय मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी निळ्या बस धावतात. तुमची खरी अडचण पासाची नसून वेळेची असावी, असा माझा अंदाज आहे. शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेसहाला येते, हे बहुतेक वडिलांच्या नकाराचे कारण असते आणि ते समजण्यासारखे आहे. गावातील सात-आठ मुलींच्या पालकांनी मिळून, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या पत्रासह, आगारप्रमुखांकडे वेळ बदलण्याचा अर्ज करावा. एकट्या अर्जाला उत्तर येत नाही, गावाच्या अर्जाला येते. तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय असेल तर तिथे मुलींची निवासाची सोय असते, तीही विचारून पाहा.

योजना पुष्कळ आहेत हे तुमचे म्हणणे खरे आहे. फक्त त्यांतल्या काहींचे वय आपण विसरतो. दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीसाठी रोज एक रुपया भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला. तेव्हा त्या रुपयाला काही किंमत होती. पुढे पोळीभाजीचे भाव कुठल्या कुठे गेले, तरी तीन दशके रुपया रुपयाच राहिला.

प्रश्न : मुले गळू नयेत म्हणून आठवीपर्यंत नापास करायचे नाही असे ठरले होते. आता पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली. मग गळती वाढणार नाही का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, पुणे

उत्तर : सर, धोका आहे, पण तो पाचवीपेक्षा मला पुढे अधिक दिसतो. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षणाचा हक्क कायद्यातील नापास न करण्याचे कलम १६ बदलून राज्यांना मोकळीक दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची असते. त्यातही तो उतरला नाही तर त्याच वर्गात बसतो, परंतु आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. हे जादा मार्गदर्शन मे महिन्याच्या सुटीत कोण आणि कसे करते, यावर सगळे अवलंबून आहे. ते नुसते रजिस्टरमध्ये झाले, तर तुमची शंका खरी ठरेल.

मात्र आपण दोघेही इतकी वर्षे वर्गात होतो, त्यामुळे ढकलत नेलेले मूल नववीत पहिल्या घटक चाचणीला कसे गप्प होते, हे आपल्याला ठाऊक आहे. कायद्याचे संरक्षण आठवीला, चौदाव्या वर्षाला संपते. मूल त्याच वयात मजुरीला उपयोगी पडू लागते, फी आणि प्रवासाचा खर्च तिथेच सुरू होतो आणि न कळलेले गणितही तिथेच उघडे पडते. या टप्प्यासाठी सरकारने केलेली, माझ्या मते सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे २०१५ पासून दहावीच्या नापासांची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत घेणे. पूर्वी जूनमध्ये निकाल लागला की मूल ऑक्टोबरपर्यंत रिकामे, आणि तोवर ते एखाद्या गॅरेजमध्ये रुळलेले असे. आता त्याच वर्षी अकरावी गाठता येते.

आपल्या ओळखीत कोणी नववीतूनच शाळा सोडलेली मुले असतील, तर फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून त्यांना दहावीला बसता येते. अर्ज ऑनलाइन असतो, मुदत मंडळ दर वर्षी जाहीर करते. जुना शाळा सोडल्याचा दाखला मात्र लागतो, आणि तो शाळेच्या कपाटातून काढून देण्याच्या कामी आपल्यासारख्या निवृत्त माणसाचा शब्द अजून उपयोगी पडतो.