झाडाझडती कोणाची? माणसाची की हिशेबाची?

भाच्याचा निरोप आला तो असा : "मामा, पुण्याच्या पेपरात मथळा होता, 'संसदेच्या लोकलेखा समितीकडून अधिकाऱ्यांची झाडाझडती'. झडती कळली, आपल्याकडे गुजरातीतही पोलीस झडतीच घेतात. पण हा 'झाडा' काय प्रकार आहे? आणि हसू नकोस, मला त्याचा एकच अर्थ येतो. दुसरं म्हणजे, विरोधक टेंडरवरून ओरडतात तेव्हा झाडाझडती घेतात, ताशेरे ओढतात की ठपका ठेवतात? पेपरवाले तिन्ही लिहितात."

त्याला येणारा तो एकच अर्थ बडोद्याच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो : गुजरातीत 'झाडा' म्हणजे जुलाब. दांडिया बाजारात वाढलेल्या पोरापुढे त्या मथळ्याने दिल्लीच्या सचिवांचं काय चित्र उभं केलं असेल, ते राहू दे.

आता मराठी झाडा. पडणे–पाडणे, तरणे–तारणे, तसं झडणे–झाडणे. पानं आपोआप झडतात, अंगण आपण झाडतो. हिशेबही असाच कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढला की झाडा होतो : कुठून आले, कुठे गेले, किती उरले, याचा पैशापैशाचा तपशील. झाडा द्यायचा असतो आणि झडती घ्यायची असते. म्हणजे जोडशब्दात दोन्ही बाजूंची माणसं बसलेली आहेत, वही उघडून दाखवणारा आणि ती तपासणारा. देवाणघेवाणीत असतात तशी.

रावपुऱ्यातल्या घरी आमच्या आजीचा दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरावर असे. खाडा झाला की त्या तारखेवर फुली, जास्त घेतलं की तारखेशेजारी आकडा. एक तारखेला कॅलेंडर खिळ्यावरून उतरायचं आणि आजी दूधवाल्याला म्हणायची, "हं, आता झाडा दे." नवीन दूधवाला पहिल्यांदा हे ऐकून दचकला. "मने कंई नथी थयुं, बा!" (मला काही झालेलं नाही!) पुढे तो सरावला. सात तारखेला खाडा, बाराला अर्धा लिटर जास्त, एकोणीसचं दूध नासलं म्हणून त्याचे पैसे नाहीत. आजीचा आवाज एकदाही चढत नसे. झाडाझडती दुधाची होती, दूधवाल्याची नव्हे.

गोम इथेच आहे. पूर्वी षष्ठी हिशेबाला लागायची : खर्चाची झाडाझडती, वसुलीची झाडाझडती. आता ती माणसाला लागते : अधिकाऱ्यांची, मंत्र्यांची, परवा तर एका क्रिकेटपटूची. त्यासरशी अर्थही तपासणीवरून खरडपट्टीवर घसरला. माझ्या मते दोन शेजाऱ्यांनी शब्दाला ओढून नेलं. एक 'झाडणे', कारण साहेबाने चारचौघांत झाड झाड झाडलं की ते रागावणंच असतं. दुसरी पोलिसांची झडती, तिला चोरीचा वास आहे. मग शब्द ऐकल्याबरोबर वही डोळ्यांपुढे येत नाही, खाली घातलेली मान येते. गुजराती पेपर अशा वेळी 'झाटकणी काढी' लिहितात, तेही झटकणंच. पण गुजरातीत तो शब्द वहीजवळ कधी फिरकला असेल असं वाटत नाही.

भाच्याने पाठवलेल्या मथळ्यापुरता मात्र शब्द चपखल बसलाय, बहुधा लिहिणाऱ्याच्या नकळत. लोकलेखा समिती १९२१ पासूनची आहे. सध्या २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्र्याला तिचा सदस्य होता येत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. राज्यघटनेच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतात आणि ही समिती त्यातले आक्षेपांचे परिच्छेद घेऊन बसते. दार बंद. कॅमेरे नाहीत. मंत्र्यांना बोलावत नाहीत, खात्याच्या सचिवांची साक्ष होते. एकच निविदा आली असताना फेरनिविदा का काढली नाही, काम अर्धं असताना रक्कम पूर्ण कशी दिली, असले प्रश्न. सरकारी कचेरीतला माणूस याला 'पॅरा निघाला' म्हणतो, आणि खुलासा पटून तो वगळला गेला तर 'पॅरा ड्रॉप झाला' म्हणून चहा पाजतो. हा अस्सल झाडा. आमच्या गुजरात विधानसभेत या समितीचं नाव 'जाहेर हिसाब समिति'. मला ते नाव जास्त आवडतं. आजीला 'लोकलेखा'चा अर्थ विचारावा लागला असता.

उरलेल्या दोन शब्दांचं थोडक्यात. ताशेरे कामावर, कारभारावर ओढतात आणि ठपका माणसावर ठेवतात. दोन्हींसाठी कागद तपासून निष्कर्ष काढण्याचा अधिकार लागतो : न्यायालय, चौकशी आयोग, महालेखापरीक्षक. सभागृहात उभं राहून कंत्राटावर बोलणारा विरोधी खासदार ताशेरे ओढत नाही. तो जाब विचारतो (हा 'जाब' म्हणजे आपला जबाबच), आरोप करतो, धारेवर धरतो, वाटलं तर महालेखापरीक्षकांचे ताशेरे वाचून दाखवतो. 'विरोधकांचे ताशेरे' ही मला तरी चूक वाटते, मग कितीही छापून येवो.

विरोधी खासदाराच्या हातात आणखी एक हत्यार असतं, कपात सूचना. अर्थसंकल्पात खातं खर्चासाठी जी रक्कम मागतं ती 'मागणी', आणि ती कमी करा म्हणणारी ही सूचना. धोरणच नापसंत असेल तर अख्खी मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. खर्च जास्त वाटला तर ठरावीक रकमेने कमी करा. आणि एखादी तक्रारच मांडायची असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करा! हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये. त्या शंभरात नेमक्या त्या तक्रारीवर बोलायची वाट मिळते. गंमत पुढेच आहे : ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. त्याला 'गिलोटिन' म्हणतात, आणि मराठीत त्याला चांगला शब्द अजून रुळलेला नाही. 'झाड्याविना मंजुरी' म्हणून बघा.

एक गैरसमजही काढून टाकतो. झाडा मागणं ही विरोधकांची मक्तेदारी नाही. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले, ते प्रकरण डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत लावून धरलं फिरोज गांधींनी, आणि ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. चौकशीला छागला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. आधी व्यवहाराची झाडाझडती, मग माणसावर ठपका. शब्दसुद्धा आपापल्या क्रमाने आले.

तेव्हा भाचेबुवा, मथळा तुझ्या हातात असता तर मी तुला 'लोकलेखा समितीने मागितला खर्चाचा झाडा' असा करायला सांगितलं असतं. फक्त बडोद्यात सूरसागर तलावाच्या पाळीवर बसून तो मोठ्याने वाचू नकोस.