दुकान वाढवलं

प्रिय चिऊ,

काल आजीचा फोन झाल्यावर तू विचारलंस, "शेठआजोबांनी दुकान वाढवलं म्हणाली ना ती? मग दुकान मोठं झालं तर रडत का होती?" मी काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेले, कारण मलाही बोलता येत नव्हतं. आता लिहून देते. रविवारच्या मराठी शाळेत तू जोडाक्षरं वाचायला लागली आहेस. सावकाश वाच, अडलं तर हाक मार.

दुकान मोठं झालं नाही गं. डोंबिवलीचं शेठकाकांचं दुकान बंद झालं.

रात्री कुलूप लावताना आपल्याकडे दुकानदार 'दुकान बंद केलं' म्हणत नाही, 'वाढवलं' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणायचं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. माझी आजी पायलीनं तांदूळ मोजायची, तेव्हा पहिल्या मापाला 'एक' नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. शाळेत निघताना मी तुला 'जाते' म्हणू देत नाही, 'येते' म्हण म्हणते, तेही यातलंच. जे फुटतं, मिटतं, निघून जातं, त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. भरभराटीचंच बोलायचं.

पण शेठकाका रोज रात्री दुकान वाढवायचे ते सकाळी सातला उघडायचं म्हणून. परवा वाढवलं ते कायमचं. आजीला हा फरक पक्का कळतो. तरी तिच्या तोंडून 'बंद' हा शब्द निघेना.

ते दुकान तू पाहिलं आहेस. मागच्या मे महिन्यात आजीनं तुला खाली पाठवलं होतं, "पावशेर साबुदाणा सांग" म्हणून. तू जिना उतरताना सगळा वेळ पावशेर, पावशेर म्हणत होतीस. शेर आणि पायली जाऊन साठ वर्षं होऊन गेली, किलोग्रॅम आले, पण अडीचशे ग्रॅमला लोक अजून पावशेरच म्हणतात. शेठकाकांनी साबुदाणा दिला आणि वर तुझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. मलाही ठेवायचे. फक्त माझ्या वेळी ती काचेच्या बरणीतून निघायची आणि साबुदाणा वर्तमानपत्राच्या पुडीतून, दोऱ्यानं बांधून यायचा. तो दोरा आजी सोडवून गुंडाळून ठेवायची, अजून ठेवते.

शेठकाका मूळचे कच्छचे. घरात कच्छी, गिऱ्हाइकाशी मराठी. आमच्या घरातले सगळे उपास त्यांना पाठ होते. आषाढीच्या दोन दिवस आधी आजी दिसली की म्हणायचे, "वहिनी, वरी नवीन आलीय, काढून ठेवू ना?" आमचं खातं त्यांच्या लांबट लाल वहीत होतं. महिनाभर सामान लिहून आणायचं आणि आजोबांचा पगार झाला की चुकतं करायचं. प्रत्येक दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजेला लागायची आणि आमचं नाव जुन्या वहीतून नव्या वहीत जायचं.

२६ जुलै २००५ ला मुंबईत इतका पाऊस झाला की सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर मोजला गेला. लोकल बंद, फोन लागत नाहीत, लाइट नाही. आजोबा ऑफिसातच अडकलेले. आमच्या गल्लीत पाणी दुकानाच्या ओट्याला लागलं होतं. शेठकाकांनी खालची पोती फळीवर चढवली आणि शटर अर्धं वर ठेवून मेणबत्तीच्या उजेडात बसले. मी गुडघाभर पाण्यातून गेले. दूध पावडर, मेणबत्त्या, बिस्किटं, जो जे मागेल ते देत होते. वही वर माळ्यावर ठेवलेली, त्यामुळे लिहून घेणं नाहीच. "नंतर सांगा," एवढंच. पाणी ओसरल्यावर लोक आपणहून आले. "शेठ, मी चार मेणबत्त्या आणि एक पुडा नेला होता." "मी दूध पावडर." एक आजोबा तर आगपेटीचे पैसे द्यायला आले होते. चिऊ, एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी.

२०२० साली टाळेबंदीत आजी एकटी होती आणि मी इथे मेलबर्नला. मी दुकानात फोन करून यादी सांगायचे. शेठकाका स्वतः पिशवी घेऊन खाली उभे राहायचे आणि आजी गॅलरीतून दोरी सोडायची.

आता इमारत पाडून नवी बांधणार आहेत. शेठकाकांना त्यात गाळा मिळेल, पण तोवर तीन-चार वर्षं जाणार आणि त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. मुलगा नोकरीला बंगळुरूला, तो काही गल्ल्यावर बसायचा नाही. त्याला मी दोष देणार नाही. गिऱ्हाईकही कमी झालं होतं. मोबाइलवर सांगितलं की दहा मिनिटांत सामान दारात येतं. मागच्या दिवाळीत मीसुद्धा इथून तसंच आजीला रवा-मैदा पाठवला. दुकानात फोन केला असता तर शेठकाकांनी आधी तुझं विचारलं असतं. ते मला लागून राहिलंय.

शेवटच्या दिवशी आजी खातं चुकतं करायला गेली. ३४६ रुपये निघाले. शेठकाकांनी ३४५ घेतले आणि रुपया परत तिच्या हातात ठेवला. "वहिनी, रुपया बाकी राहू दे. खातं मिटवायचं नाही." वहीत तशी बाकी लिहिली आणि मग दुकान वाढवलं.

शनिवारी तूच आजीला फोन लाव. तो रुपया तिनं देव्हाऱ्यात ठेवलाय, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी. तुला दाखवायचा आहे तिला.

तुझी,
आई