जुनं कॉर्डलेस हॅमर ड्रिल नीट चालत असताना नव्या पिढीचं घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांपूर्वीचं १८ व्होल्टचं, ब्रशवाल्या (म्हणजे कार्बनच्या तुकड्यांतून वीज घेणाऱ्या) मोटरचं हॅमर ड्रिल तुमच्याकडे आहे. लाकडात आणि विटेत ते अजून नीट चालतं, काँक्रीटमध्ये मात्र एकेका भोकाला घाम काढतं. नव्या मॉडेलच्या खोक्यावर जवळपास दुप्पट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लिहिलाय. ते घेतलं तर काँक्रीटचा त्रास संपेल का?

काँक्रीटचा त्रास संपणार नाही. नवं मशीन घ्यायला दुसरी कारणं आहेत आणि त्यातलं एक फार महत्त्वाचं आहे, पण ते काँक्रीट नव्हे. मी कपाटं, मांडण्या आणि रेलिंग बसवण्याचं काम करतो. निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळापासून आजपर्यंत चार पिढ्यांची चार मशिनं माझ्या हाताखालून गेली, त्यावरून सांगतो.

आधी हॅमर म्हणजे नेमकं काय ते बघू. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला दोन दातेरी चकत्या असतात. एक जागेवर पक्की, दुसरी चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) दांड्याबरोबर फिरणारी. मशीन भिंतीवर दाबलं की दोन्ही एकमेकींना भिडतात, दातावर दात चढतो आणि घसरून खाली पडतो, आणि तेवढ्यात बिट जेमतेम मिलिमीटरभर मागेपुढे होतं. सगळा हॅमर एवढाच. मागून ठोकणारं दुसरं काही आत नसतं, जोर तुमच्या खांद्याचाच लागतो. माझ्या पहिल्या मशीनचा गिअरबॉक्स मी उघडला तेव्हा आत हेच होतं, आणि आताच्या मशीनच्या सुट्या भागांच्या आकृतीतही हेच आहे.

छापील आकडे शेजारी शेजारी ठेवले तरी हेच दिसतं. मिलवॉकी कंपनीची १८ व्होल्टची ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरची) मालिका २०१२ मध्ये आली. तिच्या पहिल्या पिढीच्या हॅमर ड्रिलचा टॉर्क ७२५ इंच-पौंड होता, पुढच्या दोन पिढ्यांचा १२००, आणि चौथीचा १४००. म्हणजे ८२ न्यूटन-मीटरवरून १५८ वर, जवळपास दुप्पट. आता ठोके बघा. पहिल्या पिढीत मिनिटाला १८५० फेरे आणि २९,६०० ठोके, तिसरीत २००० फेरे आणि ३२,००० ठोके. ठोक्यांना फेऱ्यांनी भागून बघा. दोन्ही वेळा बरोबर १६ येतात. फेऱ्यामागे सोळा ठोके तेव्हाही होते आणि नंतरही सोळाच राहिले. टॉर्क वाढला तो मोटर आणि बॅटरीमुळे, आणि तो कामाला येतो लाकडातलं मोठं भोक पाडताना किंवा जाड स्क्रू बसवताना. काँक्रीटमध्ये ८ मिलिमीटरचं बिट फिरवायला इतका टॉर्क लागतच नाही. तिथे लागतो धक्का, आणि तो देणारा भाग जिथे होता तिथेच आहे.

धक्का हवा असेल तर रोटरी हॅमर लागतो. त्याच्या आत पिस्टन असतो. पिस्टन आणि ठोकणाऱ्या गोळ्याच्या मधली हवा दाबली जाते, ती गोळ्याला पुढे फेकते आणि तो बिटच्या मागच्या टोकावर आदळतो. त्याचं बिटही वेगळं असतं. एसडीएस-प्लसचा १० मिलिमीटरचा खाचेचा दांडा चकमध्ये घट्ट आवळलेला नसतो, सरकता असतो. त्यामुळे ठोका थेट बिटच्या टोकाला पोचतो. हॅमर ड्रिलमध्ये दर ठोक्याला अख्खा चक हलवावा लागतो, त्यातच पुष्कळ ताकद जाते. ही एसडीएस पद्धत १९७५ पासून आहे, म्हणजे यासाठी कुठल्या नव्या पिढीची वाट बघायची गरजच नव्हती.

मी एकाच स्लॅबमध्ये दोन्ही चालवून पाहिलेत. माझ्या सगळ्यात ताकदवान हॅमर ड्रिलने ८ मिलिमीटरचं एक भोक पुरं होईपर्यंत त्याच बॅटरीवरच्या छोट्या रोटरी हॅमरने चार-पाच भोकं पडतात, तेही अंगाचा भार न टाकता. डोक्यावर हात करून छताला दहा-बारा अँकर मारायचे असतील तर हा फरक खांद्याला संध्याकाळपर्यंत आठवत राहतो. खडीचा दगड आडवा आला की हॅमर ड्रिलचं बिट जागच्या जागी फिरत राहतं, लाल होतं आणि टोक बोथट होतं. रोटरी हॅमर तो दगड फोडून पुढे जातो. सळई लागली तर मात्र दोन्ही मशिनांनी थांबायचं. भोकाची जागा बदलायची.

आता माझ्या चार मशिनांबद्दल.

पहिलं निकेल-कॅडमियमचं. बिनवायरच्या ड्रिलमध्ये ही बॅटरी ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्येच आणली होती, आणि माझं मशीन आलं तोवर तिची सवय सगळ्यांना झाली होती. एका सेलचे १.२ व्होल्ट, म्हणून १८ व्होल्टसाठी १५ सेल. मुठीखाली वीट लटकवावी तसं वजन. दोन-तीन आठवडे पडून राहिलं की चार्ज आपोआप उतरलेला असायचा, म्हणून कामाच्या आदल्या रात्री बॅटरी चार्जरला लावणं हा नेम होता. पण त्या मशीनचा एक गुण मला पुढच्या एकाही मशीनमध्ये मिळाला नाही. ते हळूहळू थकायचं. आवाज खाली यायचा, वेग कमी व्हायचा आणि अजून तीन-चार भोकं होतील हे हाताला कळायचं. कार्बन ब्रश मी दोनदा बदलले. दोन झाकणं काढायची, जुने तुकडे काढून नवे बसवायचे, पाच-दहा मिनिटांचं काम. मोटर शेवटपर्यंत ठणठणीत होती. गेले ते सेल, आणि हॅमरच्या चकत्यांचे दात झिजून गोल झाले होते. विटेत बरीच वर्षं वापरलेलं हॅमर ड्रिल 'पूर्वीसारखं मारत नाही' असं वाटतं, त्याचं हेही एक कारण असतं. तुमच्या मशीनला दहा वर्षं झालीत, तेव्हा ही शक्यता तुम्हीही धरा.

दुसरं मशीन लिथियमचं, पण मोटर ब्रशचीच. बहुधा तुमचं असंच आहे. लिथियम-आयन १८ व्होल्टवर खऱ्या अर्थाने आलं २००५ च्या सुमारास. मकिता कंपनीची १८ व्होल्टची मालिका त्याच वर्षीची. एका सेलचे ३.६ व्होल्ट, म्हणजे पाच सेलांत १८ झाले. (काही खोक्यांवर '२० व्होल्ट मॅक्स' असतं. ते हेच पाच सेल, फक्त पूर्ण चार्ज झाल्यावर लगेच मोजलेले.) मशीन हातात घेतलं तेव्हा बॅटरी बसवायची राहिली की काय असं वाटलं, इतकं हलकं. पण त्याच्यासोबत दोन धडे आले. एक, ही बॅटरी थकत नाही, एकदम थांबते. सेल फार खाली जाऊ नयेत म्हणून आतलं सर्किट वीज तोडतं. अशी थांबलेली बॅटरी मी चार्ज न करता पेटीत टाकली आणि काही महिन्यांनी काढली, तेव्हा चार्जरने ती घ्यायलाच नकार दिला. सेल गेले होते. तेव्हापासून रिकामी बॅटरी पेटीत ठेवायची नाही हा माझ्या हाताखालच्या सगळ्यांना नियम आहे.

दुसरा धडा मोटरचा. निकेल-कॅडमियमची बॅटरी जोर पडला की स्वतःच मान टाकायची, त्यामुळे मोटर आपोआप वाचायची. लिथियम मान टाकत नाही. दाराच्या फळीत कुलपासाठी ५४ मिलिमीटरचा होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी) मी दोन नंबरच्या, म्हणजे जास्त वेगाच्या आणि कमी जोराच्या, गिअरमध्ये रेटत होतो. वास आला, तरी आणखी थोडं म्हणून रेटलं आणि मोटर जळाली. बॅटरी पुढे गेली होती आणि ब्रशची मोटर मागे राहिली होती. त्या पिढीची मशिनं वापरणाऱ्या ओळखीच्या दोघांच्या मोटरीही अशाच गेल्या.

तिसरं मशीन ब्रशलेस. इथे खरी उडी आहे, हे मान्य करायलाच हवं. कार्बन नाहीत, ठिणग्या नाहीत, कोणत्या क्षणी कुठल्या गुंडाळीला वीज द्यायची हे सर्किट ठरवतं. मोटर छोटी होते, त्याच बॅटरीवर जास्त भोकं होतात आणि भार फार झाला तर सर्किटच मशीन थांबवतं. त्या मशीनची मोटर मी एकदाही जाळलेली नाही. दुरुस्ती मात्र हाताबाहेर गेली. त्याचा ट्रिगर बिघडला तेव्हा कळलं की ट्रिगर, सर्किट आणि मोटरच्या गुंडाळ्या मिळून एकच भाग येतो. दहा मिनिटांत कार्बन बदलण्याचे दिवस तिथे संपले.

माझं मनगट दुखावलं तेही याच मशीनवर. जुन्या तुळईत २५ मिलिमीटरचं लांब बिट चालवत होतो. जागा अडचणीची, म्हणून दुसऱ्या हाताने धरायचा बाजूचा दांडा काढून ठेवला होता. आत खिळा होता. बिट अडकलं, मशीन वेळेत थांबलं नाही, ते माझ्या हातासकट फिरलं. सहा आठवडे उजव्या हाताने पेलासुद्धा धरता येत नव्हता. नंतर मी हिशेब केला. १३५ न्यूटन-मीटरचं मशीन नुसत्या मुठीने धरलं तर मूठ चकच्या अक्षापासून साधारण १३ सेंटिमीटरवर येते. तिथे झटका बसतो शंभर किलोच्या आसपास. तो कुणाच्याच मनगटाला पेलणार नाही. तोच झटका ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर पंचेचाळीस किलोंचा होतो. तो जड असतो, पण दुसऱ्या हाताने आणि अंगाने पेलता येतो.

चौथं मशीन, म्हणजे आताचं, मी घेतलं ते याच कारणासाठी. त्याच्यात हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. बिटऐवजी मशीनच गर्रकन फिरू लागलं की तो मोटरची वीज तोडतो. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात होल सॉ एका गाठीत अडकला. हाताला हिसका बसला आणि सगळं शांत झालं, मी जागेवरच उभा होतो. कधी कधी ते नको तिथेही थांबतं, विशेषतः शिडीवर वळून काम करताना मी स्वतः हललो तर. मग ट्रिगर सोडून परत दाबायचा. ही सोय बंद करता येणारी मशिनंही असतात, पण ती बंद करू नका. आणि सेन्सर आहे म्हणून बाजूचा दांडा पेटीत ठेवू नका. मशीनची लांबीही कमी झाली आहे आणि कपाटाच्या आत हात घालून काम करताना त्याचा फार उपयोग होतो. काँक्रीटमध्ये मात्र ते तिसऱ्या मशीनपेक्षा वेगळं आहे असं मला एकदाही जाणवलेलं नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर जुनं मशीन वीट, लाकूड आणि स्क्रूसाठी ठेवलं असतं आणि त्याच बॅटरीवर चालणारा छोटा एसडीएस-प्लस रोटरी हॅमर घेतला असता. घेण्याआधी बॅटरीची जोडणी तीच आहे ना ते दुकानात प्रत्यक्ष लावून बघा. काही कंपन्यांच्या नव्या मशिनांत खूप जुनी, कमी क्षमतेची बॅटरी बसतच नाही. रोटरी हॅमरने भोकं भराभर पडतात तशी काँक्रीटची धूळही भराभर उडते आणि तिच्यातली बारीक सिलिका फुप्फुसात कायमची बसते. धूळ अडवणारा चांगला मास्क त्याच दिवशी घ्या. नुसता रुमाल बांधून ती अडत नाही.

नव्या पिढीचं हॅमर ड्रिल घ्याच, जर तुमचं काम मोठ्या होल सॉचं आणि लाकडातल्या जाड, लांब बिटांचं असेल. तिथे टॉर्क खरंच लागतो आणि तिथेच मनगटं मोडतात. महिन्याला दोन-चार प्लग मारायचे असतील तर सगळ्यात ताकदवान मॉडेल नको. त्याच पिढीचं आखूड, हलकं ब्रशलेस पुरेसं आहे.

आणखी एक. तुमच्या बॅटरीवर किती अँपिअर-अवर (बॅटरीची साठवण) लिहिलेत ते प्रश्नात दिसलं नाही. १.५ किंवा २ असेल तर तिच्यात एका ओळीत पाचच सेल असणार आणि दहा वर्षांत ते थकलेले असणार. ५ ची बॅटरी सहसा दहा सेलांची असते, पाचांच्या दोन ओळी, त्यामुळे एकेका सेलवरचा भार निम्मा होतो. कुणाकडे तुमच्याच कंपनीची चांगल्या स्थितीतली ५ ची असेल तर एक दिवस मागून घ्या आणि जुन्या मशीनला लावून विटेत दहा भोकं मारून बघा. तेवढ्याने मशीन पुन्हा जागं झालं तर ड्रिल बदलायचा विचार सध्या सोडा, बॅटरी बदला. फक्त होल सॉ लावताना गिअर एक नंबरला ठेवा. तुमची मोटरही ब्रशचीच आहे.