वाचकांचे प्रश्न : समुद्राचे भाडे स्वस्त आणि पांदणीचे महाग का?

प्रश्न (शेतकरी वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती) : माझे शेत गावापासून चार किलोमीटर आत आहे. पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत, चिखल असला, की कापूस आधी बंडीत भरून गावात आणावा लागतो आणि तेथे पुन्हा छोट्या मालवाहू गाडीत चढवून जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) न्यावा लागतो. एवढ्याशा अंतराचे भाडे आणि हमाली मला जड जाते, तर रुई परदेशातल्या सूतगिरणीपर्यंत हजारो किलोमीटर नेणे व्यापाऱ्याला कसे परवडते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. किलोमीटरमागे हिशेब मांडला, तर कापसाच्या साऱ्या प्रवासातला सर्वांत महाग टप्पा बहुधा आपली पांदणच ठरेल.

गाडी ओढायला किती जोर लागेल, हे ती कशावरून चालते यावर अवलंबून असते. काळ्या मातीत बंडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतले, की बैलजोडीची बरीचशी ताकद माल पुढे नेण्याऐवजी चाक वर काढण्यातच खर्ची पडते. डांबरी रस्त्यावर हा विरोध पुष्कळ कमी होतो. रुळावर तो आणखी कमी होतो, कारण पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांपैकी कोणीच फारसे दबत नाही. संथ पाण्यावरून सावकाश जाणाऱ्या नावेची गोष्ट तर याहून निराळी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात कालवे खोदले गेले, तेव्हा काठाने चालणारा एकटा घोडा सुमारे 30 टन माल भरलेली नाव ओढून नेत असे. त्या काळच्या रस्त्यांवर एवढ्या मालाला घोड्यांचा तांडाच जुंपावा लागला असता. आजचे मालवाहू जहाज डिझेलसारख्या जड तेलावर चालते खरे, परंतु पाण्याचा हा फायदा त्यालाही मिळतोच.

दुसरे असे, की आपण आणि निर्यातदार एकाच वस्तूचे भाडे देत नाही. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते आणि उरलेले वजन मुख्यतः सरकीचे असते. म्हणजे 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. शिवाय सुटा कापूस फुगलेला असतो, त्यामुळे गाडी काठोकाठ भरलेली दिसली तरी वजनाने अर्धवटच राहते. निर्यातदार यंत्रात दाबलेल्या रुईचे भाडे देतो. आपण सरकीचे आणि हवेचेही देता.

सर्वांत मोठे कारण मात्र चढ-उतारीचे आहे. पूर्वी जहाजात प्रत्येक पोते, पेटी आणि गाठ हमालांच्या हातून चढत असे आणि मालवाहू जहाजाचे कित्येक दिवस बंदरातच जात. अमेरिकेतील ट्रकव्यावसायिक माल्कम मॅकलीन यांनी पुढे अशी आठवण सांगितली, की 1937 मध्ये आपल्या ट्रकमधील कापसाच्या गाठी उतरण्याची वाट पाहत गोदीवर दिवसभर बसावे लागले असता, अख्खा ट्रकच उचलून जहाजावर ठेवता आला तर किती बरे होईल, असे त्यांच्या मनात आले. ही आठवण कितपत खरी, यावर इतिहासकारांत एकमत नाही. (गाठी कापसाच्याच होत्या म्हणून वऱ्हाडी वाचकाला ती खरी वाटावीशी वाटते, हे मात्र खरे.) 26 एप्रिल 1956 रोजी त्यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला 58 अॅल्युमिनियमच्या पेट्या घेऊन निघाले. सुटा माल चढवण्याचा खर्च तेव्हा टनामागे 5.86 डॉलर धरला जात असे. या जहाजावर तो 16 सेंटांच्या आत आला. त्याच पद्धतीच्या कंटेनरमध्ये आज सूतगिरणीकडे निघालेल्या गाठी एकदा भरल्या, की ट्रक, रेल्वे आणि जहाज बदलत गेले तरी गाठीला वाटेत कोणाचा हात लागत नाही.

आपल्या कापसाला मात्र शेत ते जिनिंग एवढ्या वाटेत तीन-चारदा हात लागतो. म्हणून पांदण पक्की झाली, तर बैलांचे कष्ट वाचतील ते वेगळेच, पण खरी बचत बंडीतून गाडीत करावी लागणारी चढ-उतार टळल्याने होईल. ग्रामसभेत पांदणीची मागणी मांडताना हा हमालीचा हिशेब कागदावर मांडून न्यावा, असे आम्ही सुचवतो.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला) : शकुंतला रेल्वेचा मार्ग अरुंद का ठेवला गेला? मूर्तिजापूरला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकावा लागे, तसा प्रकार इतर देशांतही आहे काय?

उत्तर : खर्च वाचवण्यासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्याकरिता ही लाइन टाकली. दोन रुळांतील अंतर केवळ 762 मिलिमीटर ठेवल्याने जमीन कमी लागली, रूळ हलके चालले आणि पूलही लहान बांधता आले. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला गेला. मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावत होते. बांधकामात जो पैसा वाचला, त्यातला काही भाग पुढे मूर्तिजापूरला हमालीच्या रूपाने दरवर्षी भरावा लागला, कारण मुख्य मार्गाचे रूळ 1676 मिलिमीटर अंतराचे होते आणि छोट्या डब्यातील गाठी मोठ्या डब्यात हातानेच टाकाव्या लागत.

इतर देशांचीही यातून सुटका झालेली नाही. युरोपातील बहुतेक देशांत आणि चीनमध्ये रुळांतील अंतर 1435 मिलिमीटर आहे, तर पूर्वीच्या सोव्हिएत संघातील देशांत ते 1520 आहे. त्यामुळे पोलंडच्या सीमेजवळ बेलारूसमधील ब्रेस्ट येथे डबे जॅकने उचलून त्यांच्याखालचे चाकांचे संच बदलले जातात. चीन आणि कझाकस्तान यांच्या सीमेवरील खोर्गोस येथे डबे बदलण्याच्या भानगडीत न पडता कंटेनरच क्रेनने उचलून पलीकडच्या गाडीवर ठेवले जातात, आणि हे काम बरेच सोपे पडते.

प्रश्न (इयत्ता आठवीची विद्यार्थिनी, चिखलदरा तालुका) : रोपवेने रोज शाळेत जाणारी मुले जगात कोठे आहेत का?

उत्तर : आहेत. बोलिव्हियातील ला पाझ हे शहर दरीत वसले आहे आणि एल आल्तो हे शेजारचे शहर त्याच्या वर सुमारे 4,000 मीटर उंचीच्या पठारावर आहे. 2014 पासून या दोहोंमध्ये शहर बससारखी तिकीट काढून वापरायची रोपवे सेवा चालते. कोलंबियातील मेदेयीन शहराने 2004 मध्येच डोंगरउतारावरील वस्त्या रोपवेने मेट्रोला जोडल्या होत्या. पाळणे थोड्या थोड्या वेळाने येतच राहतात, त्यामुळे वेळापत्रक पाठ करावे लागत नाही.

प्रश्न (आरोग्यसेविका, भामरागड तालुका, जि. गडचिरोली) : पावसाळ्यात नाले भरले, की रुग्णाला खाटेवरून किंवा डोंग्यातून आणावे लागते. इतर ठिकाणी अशा वेळी काय करतात?

उत्तर : ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या प्रदेशात 1928 पासून डॉक्टर विमानाने रुग्णापर्यंत जातात. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील चरांवर, म्हणजे नदीतल्या बेटांवर, बोटीतले दवाखाने फिरतात. आफ्रिकेतील रवांडा या डोंगराळ देशात 2016 पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पाठवल्या जातात; ड्रोन रुग्णालयापाशी न उतरता छोट्या पॅराशूटने खोके खाली सोडतो आणि परत फिरतो. या उपायाची मर्यादा आपल्या ध्यानात आलीच असेल : त्याने रक्त आणि औषध येते, रुग्ण नेता येत नाही. म्हणून आपल्या भागात बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या बाईला पूर येण्याआधीच नाल्याअलीकडे, दवाखान्याच्या गावी आणून ठेवणे हाच आज अधिक भरवशाचा मार्ग आहे.